शंभर खुर्च्यांचं नाटक: आमची वाटचाल

आमची नाट्यनिर्मितीची फर्म 2008 साली पुण्यात सुरू झाली. भागीदार तिघं. मी दिग्दर्शन करते, एक जण प्रकाशयोजना बघतो आणि तिसरी तारखा, परवानग्या, हिशेब सांभाळते. नाटक बसवायचं ते लहान जागेसाठीच, हे सुरुवातीलाच ठरलं होतं. मोठ्या नाट्यगृहाच्या अंदाजाने बसवलेलं नाटक, परवडत नाही म्हणून छोट्या हॉलमध्ये कोंबायचं, हे आम्हाला करायचं नव्हतं. आधी जागा बघायची, तिथे दोन-तीन संध्याकाळी नुसतं बसायचं आणि मग संहितेला हात घालायचा, हा क्रम आजही तसाच आहे.

ही वाट आमच्या आधीच्यांनी मळवली. अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे आणि अरुण काकडे यांनी 1971 मध्ये 'आविष्कार' ही प्रायोगिक नाट्यसंस्था उभी केली आणि 1974 पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग होऊ लागले. पुढे ती जागा सुटली तेव्हा 'आविष्कार'ने माहीमच्या महापालिका शाळेत बस्तान हलवलं, पण काम थांबवलं नाही. 1978 मध्ये जुहूला पृथ्वी थिएटर आलं, तिथे प्रेक्षक तीन बाजूंनी बसतात. 1986 मध्ये मुंबईतल्याच एनसीपीए या कलाकेंद्राचं एक्स्परिमेंटल थिएटर आलं, तिथे खुर्च्या नाटकाला हव्या तशा मांडता येतात. आमच्या पुण्यात शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच आहे. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो अरुण काकडे यांच्याबद्दल. नट आणि दिग्दर्शक लोकांच्या लक्षात राहतात. पण हॉल मिळवणं, खुर्च्या लावून घेणं, तिकिटं खपवणं, पुढच्या प्रयोगाची तारीख धरून ठेवणं, हे वर्षानुवर्षं निगुतीने करणारं कोणी नसेल तर प्रायोगिक रंगभूमी चार महिन्यांत बंद पडेल. फर्म चालवायला लागल्यापासून हे मला रोज पटतं.

आमचं पहिलं नाटक दोन पात्रांचं होतं. आई आणि परदेशातून घर विकायला आलेला मुलगा. आई सबंध पहिला अंक मटार सोलते. खरे मटार, दर प्रयोगाला मंडईतून ताजे आणलेले. स्टीलच्या भांड्यात पहिला दाणा पडला की टण्णकन आवाज व्हायचा, तळ भरत गेला की तोच आवाज बोदा होत जायचा. त्या आवाजावर मी संवादांची लय बसवली. मुलगा किंमत सांगतो तेव्हा हात थांबतात, भांडं गप्प होतं आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ते थांबणं ऐकू येतं. नऊशे खुर्च्यांच्या नाट्यगृहात हे पोचवायला माईक लावावा लागला असता, आणि माईकमधून आलेला आवाज त्या बाईच्या हातातला राहिला नसता. एका प्रयोगाला पहिल्या रांगेतल्या एका आजींनी हात पुढे करून मूठभर शेंगा घेतल्या आणि सोलायला बसल्या. आमच्या अभिनेत्रीने भांडं थोडं त्यांच्याकडे सरकवलं आणि वाक्य पुढे नेलं. पुढे अनेकांनी सुचवलं की हे कायमचं ठेवा, एखादा माणूस मुद्दाम बसवा. मी ठेवलं नाही. ते त्या आजींचं होतं.

2012 मधलं नाटक सांगलीकडच्या एका वाचनालयाच्या खोलीत बसवलं. खोलीच्या बरोबर मधे खांब. बाहेरून आलेल्या प्रत्येकाने आधी तेच विचारलं, खांबाचं काय करणार? आम्ही प्रेक्षक चारी बाजूंनी बसवले आणि एकाच वाड्यात राहणाऱ्या, पण बोलणं टाकलेल्या दोन भावांची गोष्ट खांबाभोवती फिरवली. कुठल्याही खुर्चीवरून बघा, दोघांपैकी एकाचा चेहरा झाकलेला असायचा. नाटक संपल्यावर समोरासमोर बसलेले लोक एकमेकांना विचारत राहायचे, तुमच्या बाजूने थोरला रडताना दिसला का? मी बसवलेल्या नाटकांतलं हे मला सर्वांत जवळचं. दुसऱ्या जागी त्याचे फार प्रयोग झाले नाहीत, कारण खांबाची खोली सोबत नेता येत नाही आणि खोटा खांब उभा करायला माझं मन तयार झालं नाही.

अशा जागांमध्ये खरी अडचण विजेची असते. शाळेच्या किंवा वाचनालयाच्या पॉवर सॉकेटवर 15 अँपिअर मिळतात, म्हणजे 230 व्होल्टला 3,450 वॅट. जुना पार दिवा, म्हणजे रंगमंचावरचा हॅलोजनचा झोतदिवा, 1,000 वॅटचा. तीन लावले की संपलं, चौथा लावला की फ्यूज उडाला. सुरुवातीची आमची नाटकं तीन पार आणि दोन घरगुती बल्बांवर उजळली. एलईडी पार आले तसं चित्र पालटलं. दीडशे वॅटच्या आसपासचा दिवा, त्याच सॉकेटवर वीस चालतात, रंगासाठी जिलेटीन पेपर कापत बसावं लागत नाही आणि खोली तापत नाही. तरीही माणसाच्या चेहऱ्यावर हॅलोजनचा जो उबदार प्रकाश पडतो तो एलईडीत मिळत नाही, असं आमच्या प्रकाशयोजनाकाराचं ठाम मत आहे. म्हणून दोन जुने पार आम्ही अजून जपून ठेवलेत.

पैशाचं गणित लपवण्यासारखं नाही. 100 खुर्च्या, 250 रुपयांचं तिकीट, हाऊसफुल्ल बोर्ड लागला तरी हाती 25,000. त्यातून हॉलभाडं, टेम्पो, नटांची नाईट (म्हणजे एका प्रयोगाचं मानधन), बॅकस्टेजची नाईट, चहा-वडापाव. 500 रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही, हा मोठा आधार. नेपथ्य एका छोट्या टेम्पोत मावलंच पाहिजे, हा आमचा नियम त्यातूनच आला. आणि बॅकस्टेजची नाईट प्रयोगाच्या रात्रीच द्यायची, बुकिंग कसंही असो, हा दुसरा. नव्या नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाकडे, पाठवून प्रमाणपत्र मिळेपर्यंत जाहिरात करायची नाही, हेही ठरलेलं. उरलेला खर्च आम्ही कंपन्यांमध्ये आणि महाविद्यालयांत नाट्यशिबिरं घेऊन भागवतो. त्या कामातही मला मजा येते.

मार्च 2020 मध्ये सगळं बंद झालं. मधे थोडं उघडलं, पुन्हा बंद. ऑक्टोबर 2021 मध्ये निम्म्या प्रेक्षकसंख्येवर परवानगी मिळाली तेव्हा मोठ्या नाटकांना ते गणित जमवणं जड गेलं. आमच्याकडे 50 माणसं म्हणजे नेहमीच्याच प्रयोगासारखी गर्दी. त्या महिन्यांत आमचे बॅकस्टेजचे दोघे मात्र नाटकाचं काम सोडून दुसऱ्या धंद्यात गेले आणि परत आले नाहीत. त्यांच्या हाताची सफाई आम्हाला अजून भरून काढता आलेली नाही.

सध्या नव्या नाटकाच्या तालमी चालू आहेत. तीन पात्रं, सत्तर मिनिटं, मध्यंतर नाही. हे नाटक गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांत न्यायचं आहे. तुमच्या वाचनालयात बंद होणारं दार, पंधरा बाय वीस फुटांची मोकळी जमीन, दोन चालू पॉवर सॉकेट आणि दुपारी चारपासून खोली रिकामी मिळणार असेल तर आम्हाला कळवा. खुर्च्या नसल्या तर सतरंज्या आमच्याकडे आहेत.