आमची वाटचाल : तीन सिस्टिम आणि एक पांढरा तक्ता

आमचं बिलिंग सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं. सुरुवात जावा स्विंगमध्ये झाली, म्हणजे जावा भाषेतल्या खिडक्या-बटणांच्या संचात. त्याचं ‘मेटल’ नावाचं ठरलेलं रूप तिन्हीकडे सारखं दिसायचं, म्हणजे तिन्हीकडे सारखंच परकं. मग क्यूटी (Qt) या तशाच, पण सिस्टिमसारखं दिसणाऱ्या संचावर आलो आणि पुढची वर्षं सुरळीत गेली.

लिहायचं ते २०१८ बद्दल. मॅकओएस मोहावी आलं, सोबत डार्क मोड. ॲपलच्या नव्या एसडीकेवर (ॲप बनवायच्या साधनसंचावर) बिल्ड केलेल्या, म्हणजे बांधलेल्या ॲपला तो आपोआप लागतो. आम्ही बिल्ड केलं आणि पाठवून दिलं. बिलाच्या तक्त्याची पार्श्वभूमी स्टाइलशीटमध्ये (रंगरूपाच्या नियमांच्या यादीत) पांढरी ठोकलेली, अक्षरांचा रंग मात्र पॅलेटमधून, म्हणजे सिस्टिमच्या रंगसंचातून यायचा. डार्क मोडमध्ये पॅलेटने अक्षरं पांढरी केली. बेरीज बरोबर, जीएसटी बरोबर, दिसत काहीच नाही! मॅकवाले निम्मे ग्राहक त्या महिन्यात गेले. उपाय दोन ओळींचा होता: पार्श्वभूमीला palette(base) आणि अक्षरांना palette(text) असं लिहायचं, तेही कायम जोडीने.

त्याच महिन्यात एका स्पर्धकाने आमच्या ग्राहकांना फोन लावले. त्याचं सॉफ्टवेअर इलेक्ट्रॉनवर, म्हणजे सोबत क्रोमियम हा अख्खा ब्राउझर. सगळीकडे हुबेहूब दिसतं, मान्य. पण मॅकवरही ‘ठीक’ डावीकडे आणि ‘रद्द’ उजवीकडे! मॅकवाल्याचा हात सवयीने उजवीकडे जातो आणि बिल रद्द होतं. क्यूटीचा बटणांचा तयार डबा, क्यूडायलॉगबटनबॉक्स, वापरला की हा क्रम सिस्टिमप्रमाणे आपोआप बदलतो. हे त्याला कोणी सांगितलं नसावं. आम्हीही नाही सांगितलं.

लक्ष्मी रोडवरचे कापडवाले काका मात्र राहिले. काउंटरला विंडोज, मुलाकडे मॅक, गोदामात लिनक्स. एक दिवस म्हणाले, “अहो, गोदामात कुर्ता संपलाय का? पडद्यावर नुसता कर्ता दिसतोय.” रांगेची उंची विंडोजवर मोजून २२ पिक्सेल ठोकलेली. लिनक्सचा देवनागरी फाँट वेगळा, त्याचा उकार खालच्या रेघेआड जायचा. तेव्हापासून मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्ता’ फाँट ॲपसोबतच देतो आणि रांगेची उंची फाँटच्या लाइन-स्पेसिंगमध्ये (दोन ओळींमधल्या अंतरात) ६ पिक्सेल मिळवून काढतो. एकच फाँट असला तरी विंडोज आणि मॅक त्याची उंची फाँटच्या फाइलमधल्या वेगवेगळ्या नोंदींतून वाचू शकतात, म्हणून आकडा ठोकायचा नाही. आकारही पॉइंटात देऊ नका. ९ पॉइंट विंडोजवर १२ पिक्सेल होतात, मॅकवर ९च राहतात.

मराठी मेनू करणाऱ्यांनी आणखी एक बघावं. मॅकवर क्यूटी ‘सेटिंग्ज’, ‘अबाउट’ वगैरे इंग्रजी शब्द ओळखून ते ॲपच्या मेनूत हलवतं. ‘मांडणी’ किंवा ‘आमच्याविषयी’ त्याला कळत नाही. अशा प्रत्येक ॲक्शनला (मेनूतल्या नोंदीला) मेनू-रोल, म्हणजे ती कशासाठी आहे ही खूण, हाताने द्यावी लागते.

विंडोजच्या १२५ टक्के स्केलिंगचा, म्हणजे पडद्यावरचं सगळं मोठं दाखवायच्या सेटिंगचा त्रास वेगळाच. क्यूटी ५ तो आकडा १००वर आणतं आणि १५०चे २०० करतं. ५.१४ पासून राउंडिंग पॉलिसी ‘पासथ्रू’ करता येते, म्हणजे आकडा आहे तसाच राहतो, पण हे कोडमध्ये ॲप्लिकेशन ऑब्जेक्ट तयार होण्याआधी लिहायचं. नंतर लिहिलंत तर उपयोग नाही.

बटणांचा क्रम, मेनूबार, शॉर्टकट हे सिस्टिमचे. रंग, अंतरं, आयकॉन आपले. उगाच बटणाची बॉर्डर स्टाइलशीटने रंगवू नका, त्याचं मूळ रूपच जातं.

आता रिलीजआधी विंडोज आणि लिनक्सवर १००, १२५, १५० टक्के, मॅकवर रेटिना (ॲपलचा दाट पिक्सेलचा पडदा), आणि हे सगळं लाइट व डार्कमध्ये, असे १४ स्क्रीनशॉट काढतो. प्रत्येकात पहिली ओळ ‘कुर्ता’ची.