रिकाम्या पुंगळ्यांचा धंदा: आमची वाटचाल

ओहायोतल्या आमच्या छोट्या कारखान्यात बंदुका बनत नाहीत, काडतुसांत दारूही भरली जात नाही. आम्ही विकतो एकदा झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या, म्हणजे गोळी आणि दारू धरून ठेवणारी पितळी नळकांडी, निवडून आणि धुऊन. आमचं गिऱ्हाईक म्हणजे वाइल्डकॅट रायफलवाले. त्यांना हवं ते काडतूस बाजारात तयार मिळत नाही, म्हणून ते दुसरी एखादी पुंगळी डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून तिची मान (गोळी धरणारं अरुंद तोंड), खांदा (मानेखालचा उतार) आणि लांबी बदलतात. ती मूळ पुंगळी परवडणाऱ्या भावात आणि भरवशाची मिळवून देणं, हे आमचं काम.

मी पुण्याहून इथे आलो तो टूलरूमच्या नोकरीवर. एरी सरोवराकाठी कॅम्प पेरीला १९०७ पासून राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा भरतात. तिथली जुनी मंडळी माझ्याकडून असे फॉर्मिंग (आकार देणारे) डाय करून घ्यायची आणि डाय हातात पडताच विचारायची, यात घालायला पितळ कुठून आणू? फॉर्मिंगमध्ये काही पुंगळ्या फाटणारच. नव्या कोऱ्या फाडायला कोणाला परवडेल? बायकोने हिशेब मांडून दिला आणि मी नोकरी सोडली.

गिऱ्हाइकाला मी आधी बुडाचा व्यास विचारतो. मान आवळता येते, खांदा मागे ढकलता येतो, लांबी कापता येते. बूड मात्र आहे तसंच राहतं. .४७३ इंची, म्हणजे १२ मिलिमीटरचं बूड असेल तर निम्मी काळजी मिटली. .३०-०६ आणि .३०८ या रायफल काडतुसांच्या पुंगळ्या याच घराण्यातल्या, आणि अमेरिकेत त्या मुबलक मिळतात. .२५-०६ आणि .३५ व्हेलन ही काडतुसं रेमिंग्टन कंपनीने १९६९ आणि १९८७ साली बाजारात आणली, पण त्याआधी कितीतरी वर्षं लोक ती .३०-०६ पासून घरीच घडवत होते. पट्ट्याच्या मॅग्नम बुडाची, म्हणजे बुडापाशी जाड कडं असलेल्या जोरदार काडतुसाच्या पुंगळीची, मागणी आली की स्वस्तात काम होणार नाही, हे मी आधीच सांगतो.

.२८० रेमिंग्टनवर बेतलेलं काडतूस असेल तर .३०-०६ देताना मी दोनदा विचार करतो. .२८० चा खांदा साधारण सव्वा मिलिमीटर पुढे असतो. आधी खोटा खांदा, म्हणजे पुंगळीला रायफलीत पुढे सरकू न देणारा तात्पुरता खांदा, न घडवता झाडली तर पुंगळी बुडाजवळ ताणली जाते, आणि तिथे फाटली तर गरम वायू नेमबाजाच्या तोंडावर येऊ शकतो. चार पैसे वाचवण्यासाठी हे करू नये. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

स्वस्त माल बहुधा लष्करी असतो, मिसूरीतल्या लेक सिटी कारखान्याचा. त्याचं प्रायमरभोवतीचं (बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीभोवतीचं) क्रिम्प, म्हणजे तिला घट्ट धरणारी दाबलेली कड, काढावं लागतं. भिंत जाड असल्याने आत जागाही कमी, त्यामुळे नागरी पुंगळीचं दारूचं माप तिला लावता येत नाही. मशीनगनमधून झाडलेल्या पुंगळ्या फार ताणलेल्या असतात. त्या आम्ही सरळ भंगारात देतो. खरी मजुरी निवडण्यातच आहे: कारखान्याप्रमाणे ढीग लावायचे, वजन करायचं, आत वाकडी तार फिरवून बुडाजवळ खाच पडली आहे का ते चाचपायचं.

७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्ताचं हे पितळ दाबलं की कडक होतं. तांबट आळीतला कारागीर ठोकता ठोकता भांडं पुन्हा तापवतो, त्याच कारणाने आम्ही पुंगळीची मान आणि खांदा तापवून नरम करतो. बुडाला आच लागली की पुंगळी बाद.

धुताना अमोनिया कधीच वापरत नाही. ब्रिटिशांच्या भारतातल्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली की तडकायची. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि पितळेत उरलेला ताण मिळून हे घडतं, हे १९२१ मध्ये स्पष्ट झालं. अमोनियाच्या पॉलिशने चकचकीत केलेला ढीग कोणी कितीही स्वस्त दिला तरी आम्ही घेत नाही.

पुण्याहूनही अधूनमधून विचारणा होते. भारतात शस्त्र कायद्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भागही येतात, त्यामुळे तिकडे आम्ही काही पाठवत नाही.

२०२० च्या काडतुसांच्या टंचाईत माल मिळेनासा झाला, तेव्हा आम्ही दहा-दहा पुंगळ्यांची नमुना पाकिटं सुरू केली. आधी दहा घडवून पाहा, जमलं तरच शंभर घ्या. पाकिटात एक कोरी चिठ्ठीही असते, घडवलेल्या काडतुसाचं नाव लिहून डब्यावर चिकटवायला, कारण बुडावर शेवटपर्यंत जुनंच नाव राहतं.