बायोडिझेलची हिवाळी नोंद: पामचं तेल, हळद आणि महागलेलं मिथेनॉल

मंडळी, डिझेलच्या भावाची ओरड सुरू झाली की ‘घरी बायोडिझेल करता येतं का हो?’ अशी विचारणा वाढते. २०२१च्या ऑक्टोबरात मुंबईत डिझेलने शंभरी ओलांडली तेव्हाही हेच झालं होतं. करता येतं. पण डिझेल महाग झालं म्हणून हे आपोआप स्वस्त पडेल असं समजू नका. बायोडिझेल म्हणजे तळणीच्या वापरलेल्या तेलाची मिथेनॉल (एक विषारी अल्कोहोल) आणि कॉस्टिक पोटॅशबरोबर अभिक्रिया करून, ग्लिसरीन वेगळं काढून मिळवलेलं इंधन. लिटरभर तेलाला साधारण २०० मिली मिथेनॉल लागतं. ते जगात मुख्यतः नैसर्गिक वायूपासून बनतं आणि आपल्याकडचं बहुतेक आखाती देशांतून येतं. तिकडे भडका उडाला की आपल्या कॅनचाही भाव चढतो.

तेलाचंही तसंच. १ जुलै २०१८ पासून टोटल पोलर कंपाउंड्स (तेल पुन्हापुन्हा तापवल्याने तयार होणारे घटक) २५ टक्क्यांवर गेलेलं तळणीचं तेल खाण्यासाठी वापरायला बंदी आली, त्याच वर्षी वापरलेलं तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवणारी ‘रुको’ योजना आली, आणि वापरलेलं तेल विकत घेणारे गावोगाव फिरू लागले. आता हॉटेलवाला आधी भाव विचारतो. चांगलंच झालं म्हणा. ते तेल पुन्हा कुणाच्या कढईत जाण्यापेक्षा बरं. आपलं गणित मात्र बदललं. म्हणून या हिवाळ्यात मी दोनच गोष्टींच्या मागे लागलो: मिथेनॉल वाचवणं आणि थंडीचा बंदोबस्त.

आधी तेलाची परीक्षा. वडापावच्या गाडीवरचं तेल मी बंद केलंय. त्यात बेसनाचा चुरा, पाणी, आणि आम्लता इतकी की निम्मा साबणच होतो. फरसाणवाल्याचं त्या मानाने स्वच्छ. तरीही प्रत्येक डबा गाळायचा, तापवायचा, तव्यावर थेंब टाकून तडतड होते का बघायचं. तडतडला तर पाणी आहे, पुन्हा तापवा. मग टायट्रेशन, म्हणजे तेलाची आम्लता मोजणं: १ मिली तेल, १० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि लिटरभर डिस्टिल्ड पाण्यात १ ग्रॅम कॉस्टिक पोटॅश विरघळवून केलेलं द्रावण सिरिंजने थेंबथेंब.

आम्लता संपली की रंग बदलून दाखवणारं फिनॉल्फ्थॅलिन संपलं म्हणून घरची हळद अल्कोहोलमध्ये भिजवून वापरली, आणि आता तीच चालू ठेवलीय. हळदीच्या डागावर साबण लावला की तो लाल होतो हे कुणाही घरात माहीत असतं, इथेही तेच. पिवळं द्रावण एकेका थेंबाला क्षणभर तांबूस होतं, ढवळलं की परत पिवळं. तांबूसपणा अर्धा मिनिट टिकला की थांबायचं. तेल काळपट असेल तर रंग कळत नाही, तेव्हा बाटलीमागे पांढरा कागद धरा आणि काम दिवसाउजेडी करा. जितके मिली द्रावण गेलं तितके ग्रॅम, अधिक मूळचे ७ ग्रॅम, हा लिटरमागचा कॉस्टिक पोटॅशचा हिशोब (९० टक्के शुद्धतेचे फ्लेक्स धरून). टायट्रेशन ४-५च्या वर गेलं तर मी ते तेल घेतच नाही.

यंदाचा खरा फायदा दोन टप्प्यांनी झाला. मिथेनॉल आणि पोटॅशचं मिश्रण एकदम न ओतता आधी ८० टक्के घालायचं, ५५ अंशाच्या आसपास तासभर फिरवायचं, ग्लिसरीन बसलं की ते तळातून सोडायचं आणि मग उरलेलं २० टक्के. अभिक्रिया दोन्ही दिशांनी चालते, ग्लिसरीन बाजूला केलं की ती पुढे सरकते. आधी जादा मिथेनॉल ओतून जे साधत होतं ते आता कमी मिथेनॉलमध्ये साधतं. तपासणीला ३ मिली माल २७ मिली मिथेनॉलमध्ये. तळाशी काही बसलं नाही म्हणजे पास. थंडीत ही चाचणी पहाटे घेऊ नका, मिथेनॉल गार असलं की चांगला मालही नापास दिसतो.

अभिक्रियेला प्रत्यक्षात लागतं १२-१३ टक्के मिथेनॉल, बाकीचं बरंचसं ग्लिसरीनमध्ये अडकतं. ते कंडेन्सर लावून परत काढतोय. उघड्यावर, विजेच्या हीटरवर, जवळपास ज्योत नाही. मिथेनॉलची ज्वाळा उन्हात दिसतही नाही. आणि ते पोटात गेलं तर काय होतं ते जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं दगावली तेव्हा कळलंच. परवाना, कुलूप, लेबल, यात हयगय नको. परत मिळालेलं मिथेनॉल हायड्रोमीटरने तपासतो, पाणी असेल तर वापरत नाही.

आता थंडी. आमचा निफाड तालुका, इथे पारा किती उतरतो ते सगळ्यांना माहीत आहे. द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात. फरसाणचं तेल बहुधा पामोलिन, आणि त्याचं बायोडिझेल अशा पहाटे कॅनमध्ये तुपासारखं थिजतं. सोयाबीन तेलाचं शून्याच्या आसपासपर्यंत तग धरतं. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत पामचा माल एक भाग आणि डिझेल चार भाग, आणि उन्हाळ्यासाठी पामचा साठा वेगळा. पाच एचपीच्या जुन्या हॉपर इंजिनाला (एका जागी बसवलेलं, पाण्याने थंड होणारं साधं डिझेल इंजिन) हे मिश्रण मानवलंय. सुरुवातीला फिल्टर वरचेवर बदलावा लागतो, कारण बायोडिझेल टाकीतला जुना चिकटा सोडवून आणतं. रबरी नळ्या आधीच बदलून घ्या. शुद्ध बायोडिझेलची लिटरमागे ऊर्जा डिझेलपेक्षा ८-९ टक्के कमी, मिश्रणात ते कडबाकुट्टीवर फारसं जाणवत नाही. फवारणीच्या ट्रॅक्टरला मात्र मी हे घालत नाही. नव्या कॉमन रेल (फार मोठ्या दाबाने इंधन फवारणाऱ्या) इंजिनाशी असले प्रयोग परवडणारे नाहीत.

विहिरीचं पाणी दिवसा उपसायचं असेल तर सौर पंप घ्या, सरळ सांगतो. सरकारी योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, इंधन शून्य. तिथे माझं इंजिन हरलंच. बायोडिझेलचं काम रात्रीचं, ढगाळ दिवसांचं, आणि पट्टा लावून फिरवायच्या यंत्रांचं.

बांधावरच्या मोगली एरंडापासून (जट्रोफा) बायोडिझेल करण्याबद्दल पुन्हा विचारू नका. २००९च्या जैवइंधन धोरणात २०१७ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल मिसळण्याचं उद्दिष्ट होतं, ते कागदावरच राहिलं. २०१८च्या धोरणात ते २०३० पर्यंत ५ टक्के झालं. करंजाकडे मात्र लक्ष आहे. ओढ्याकाठी झाडं भरपूर, पण तेलाची आम्लता फार, म्हणून आधी सल्फ्युरिक आम्ल आणि मिथेनॉलचा एक टप्पा करावा लागेल आणि मगच पोटॅश. घाण्यावर करंजाच्या बिया घ्यायला तयार असलेला कुणी नाशिक-सिन्नर पट्ट्यात माहीत असेल तर कळवा. खाद्यतेलाचा घाणा त्यासाठी कुणी देणार नाही.