सर्व्हरचा लिक्विड कूलर, सात लिटरच्या कॅबिनेटमध्ये

माझ्या टेबलावरच्या संगणकाचे कॅबिनेट अवघे सात लिटरचे आहे आणि त्यात प्रोसेसरवर कूलर बसवण्यासाठी जेमतेम ४८ मिमी उंची मिळते. एवढ्या उंचीत मावणारा हवेचा कूलर हिवाळ्यात निभावून नेतो. पण पुण्यातल्या मे महिन्यात दुपारी खोलीचे तापमान ३६ अंशांवर गेले, की व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना प्रोसेसर तापून आपला वेग स्वतःच कमी करतो. त्यावर उपाय शोधताना लक्षात आले, की याहून कमी जागेत याहून मोठे काम रोजच होत असते. डेटा सेंटरच्या रॅकमधल्या १यू, म्हणजे एका खणाच्या, सर्व्हरची उंची ४४.४५ मिमी असते आणि तेवढ्यात बसणारे बंदिस्त लिक्विड कूलर (प्रोसेसरवर टेकणारा ब्लॉक, पाणी फिरवणारा पंप आणि ते पाणी हवेने गार करणारा रेडिएटर यांचा जोडलेला संच) दोनशे वॅटहून अधिक उष्णता वाहून नेतात. तसा एक जुना संच मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणला.

पाण्याचे सामर्थ्य साध्या हिशेबाने कळते. समान आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे साडेतीन हजार पट उष्णता सामावून घेते. माझा रायझन ७ ३७००एक्स प्रोसेसर ६५ वॅटचा म्हणून विकला गेला, पण पूर्ण भारावर ८८ वॅटपर्यंत वीज घेतो. मिनिटाला एक लिटर पाणी फिरत असेल, तर ते ८८ वॅट घेऊनही फक्त सव्वा अंशाने तापते. म्हणजे अडचण पाण्याकडे नाहीच. पाणी उष्णता केवळ एका जागेवरून दुसऱ्या जागी नेते; शेवटी ती खोलीच्या हवेलाच द्यावी लागते, आणि सर्व्हर व घर यांच्यातला खरा फरक तिथेच आहे. डेटा सेंटरमध्ये १८ ते २७ अंशांची हवा पुरवलेली असते, ४० मिमीचे पंखे मिनिटाला पंधरा हजार फेऱ्यांच्या पुढे फिरतात आणि त्या आवाजात झोपायला तिथे कोणी नसते.

पहिले काम ब्लॉक बसवण्याचे होते. हा संच इंटेलच्या एलजीए २०११ या सॉकेटच्या (प्रोसेसर बसतो त्या खाचेच्या) अरुंद प्रकारासाठी बनवलेला होता. ब्लॉक धरून ठेवणाऱ्या त्याच्या ब्रॅकेटच्या भोकांमधले अंतर ५६ बाय ९४ मिमी, तर माझ्या एएम४ (एएमडीच्या सॉकेटच्या) मदरबोर्डवर ते ५४ बाय ९० मिमी. फरक इतका थोडा, की नजरेला ब्रॅकेट बरोबर बसल्यासारखेच वाटते. प्रत्येक भोक एका बाजूने एक आणि दुसऱ्या बाजूने दोन मिमी आत सरकायला हवे होते. भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये मी ब्रॅकेट घेऊन गेलो, तेव्हा तिथल्या काकांनी ते प्रकाशात धरून पाहिले आणि म्हणाले, “नवीन भोक पाडलं तर मधे पत्राच उरणार नाही. स्लॉट करून घ्या.” त्यांनी भोके लांबट करून, कडा कानशीने घासून दिल्या. स्क्रूही बदलावे लागले, कारण सर्व्हरचे स्क्रू एम४ होते आणि एएम४ च्या मागच्या पट्टीला इंची मापाचे आटे आहेत. स्लॉटमध्ये ब्लॉक थोडा सरकू शकतो, म्हणून स्क्रू कोपऱ्याला कोपरा असे आळीपाळीने, अर्धा अर्धा फेरा देत आवळले. नंतर ब्लॉक उचलून प्रोसेसर आणि ब्लॉक यांच्यामधली फट भरणाऱ्या थर्मल पेस्टचा ठसा पाहिला, तर एका कोपऱ्यात पेस्ट जाड राहिली होती. तिसऱ्या खेपेला ठसा सारखा आला.

सर्व्हरचे मूळ पंखे मी लावलेच नाहीत. आवाजाचा प्रश्न तर आहेच, शिवाय मदरबोर्डवरच्या पंख्याच्या पिना साधारणपणे एका अँपिअरसाठी असतात आणि असे पंखे त्याहून जास्त ओढू शकतात. त्यांच्या जागी नॉक्टुआचे ४० मिमीचे, पाच हजार फेऱ्यांचे तीन पंखे बसवले. मोकळ्या जागेत प्रत्येक पंखा तासाला ९.४ घनमीटर हवा फेकतो, म्हणजे तिघे मिळून सेकंदाला पावणेआठ लिटर. रेडिएटरच्या दाट पात्यांतून त्यातली निम्मी, चार लिटर, पार होईल असे मी धरले. तेवढी हवा ८८ वॅट घेताना साधारण १८ अंशांनी तापते. खोली ३६ अंशांवर असेल तर बाहेर पडणारी हवा ५४ अंशांची, आणि अशा पंपांमधला द्रव ६० अंशांच्या आत राहायला हवा. हे अंतर मला फार कमी वाटले. म्हणून उन्हाळ्यापुरती मी बायॉसमधून (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमधून) प्रोसेसरची वीजमर्यादा ६० वॅटवर आणली, की तीच वाढ साडेबारा अंशांवर येते. हिवाळ्यात मर्यादा काढून टाकतो. रेडिएटरच्या कडेच्या फटी फोमच्या पट्टीने बुजवल्या, कारण हवा नेहमी सोपी वाट धरते आणि उघड्या फटीतून गेलेली हवा पंख्याची मेहनत वाया घालवते.

एक चूक मात्र झाली. सुरुवातीला मी रेडिएटर कॅबिनेटच्या तळाशी आडवा ठेवला होता आणि दुसऱ्याच दिवशी पंपातून बारीक टिकटिक ऐकू येऊ लागली. बंदिस्त संचात थोडी हवा असतेच आणि ती सर्वांत उंच जागी जमा होते. सर्व्हरमध्ये पंप आणि रेडिएटर एकाच पातळीवर आडवे पडलेले असतात, त्यामुळे तिथे हा प्रश्न तितका डोके वर काढत नाही. उभ्या कॅबिनेटमध्ये मात्र माझा पंपच सर्वांत उंच झाला होता. रेडिएटर पुढच्या जाळीमागे उभा करून त्याचे वरचे टोक पंपाच्या वर आणले आणि नळ्या खालच्या टोकाशी ठेवल्या. कॅबिनेट दोन-चार वेळा तिरके करून बुडबुडे वर चढू दिले आणि टिकटिक थांबली.

आता नजर आहे ती द्रवाच्या पातळीवर. रबरी नळ्यांतून पाणी वर्षानुवर्षे अगदी सावकाश झिरपून उडत राहते आणि या संचाला पुन्हा भरण्यासाठी तोंड नाही. त्यामुळे बसवण्यापूर्वी मी संपूर्ण संच, पंखे न लावता, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला आणि आलेले वजन तारखेसह रेडिएटरच्या बाजूला मार्करने लिहून ठेवले. येत्या एप्रिलमध्ये, पेस्ट बदलताना, तो पुन्हा काट्यावर ठेवणार आहे.