सद्भावना केस पेपरवर दिसली पाहिजे

मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं डॉक्टरच्या लक्षात आलं आणि त्याने पोलिसांना कळवलं नाही, तर पॉक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम 21 प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. कळवलं, तर पालकांकडून बदनामीची नोटीस किंवा वैद्यकीय परिषदेत तक्रार येऊ शकते. अशा वेळी डॉक्टर घाबरून जातो, आणि नेमक्या त्याच दिवसांत सहकारी चार हात लांब राहतात. हे मला फार चुकीचं वाटतं.

कलम 19(7) सांगतं की सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. पण आपल्या फौजदारी कायद्यात सद्भावना म्हणजे नुसता चांगला हेतू नव्हे. पुरेशी काळजी घेऊन केलेली कृतीच सद्भावनेची मानली जाते. ही काळजी दिसते केस पेपरवर. जखमेची जागा, सेंटिमीटरमधलं माप, तपासणीची वेळ, मुलाचे शब्द जसेच्या तसे. ‘बापाने मारलं’ हा निष्कर्ष लिहू नका. ‘सांगितलेल्या कारणाशी जखम जुळत नाही’ एवढंच लिहा. वळाच्या रंगावरून तो किती दिवसांचा, हे ठरवू नका. उलटतपासणीत ते टिकत नाही. जखम एखाद्या आजारामुळे तर नाही ना, यासाठी रक्त गोठण्याच्या तपासण्या, हाडं मोडली असतील तर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व, हे बघितलं होतं का, असा प्रश्न हमखास येतो.

खबर तोंडी देऊन थांबू नका. कलम 19(2) प्रमाणे पोलिसांनी तिला नोंद क्रमांक देऊन ती लेखी घ्यायची असते. तो क्रमांक मागून घ्या.

मारहाण लैंगिक नसेल, तर पॉक्सोचं हे संरक्षण लागू होत नाही. तेव्हा 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर किंवा बालकल्याण समितीला लेखी कळवा. अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावनेने केलेली तक्रार बदनामी ठरत नाही, हा बदनामीच्या कायद्यातला अपवाद इथे उपयोगी पडतो.

नोटीस आली की त्याच दिवशी मूळ केस पेपर कुलुपात ठेवा. त्यात नंतर एक शब्दही घालू नका. खाडाखोड दिसली की उरलेला सगळा कागद संशयास्पद ठरतो. काही राहिलंच असेल, तर आजची तारीख-वेळ टाकून वेगळी नोंद करा. इंडेम्निटी कंपनीला, म्हणजे डॉक्टरवरच्या दाव्यांचा विमा देणाऱ्या कंपनीला, लेखी कळवा, उशीर झाला तर दावा नाकारला जाऊ शकतो. पालकांना स्वतः फोन करू नका. नोंदींची प्रत मागितली तर 72 तासांत द्यायची असते, हे मात्र पाळा. कुणी इंटरनेटवर बदनामी केली तरी तिथे उत्तर देऊ नका, कारण मुलाची ओळख उघड झाली तर तो वेगळा गुन्हा होतो.

परिषदेपुढची चौकशी ही शिस्तभंगाची असते; 19(7) मध्ये तिचा शब्दाने उल्लेख नाही. म्हणून उत्तरात ‘कळवणं हे कायद्याने माझं कर्तव्य होतं’ हे कलमासह आधी मांडावं.

रुग्णालयाने एक गोष्ट आजच करावी: खबर एकट्या डॉक्टरच्या नावाने न जाता बालरोगतज्ज्ञ, दुसरा वरिष्ठ डॉक्टर आणि समाजसेवा अधीक्षक अशा तिघांच्या सहीने, जावक क्रमांक टाकून जावी. मात्र सह्यांसाठी खबर अडवून ठेवू नये.