सोसायटीतलं पुस्तकांचं कपाट: जून ते दिवाळीची नोंद

मागच्या नोंदीत कपाट कसं लावलं, जुनी पुस्तकं कुठून जमवली, वाळवीचं काय केलं ते लिहिलं होतं. या वेळी फक्त पुस्तकांबद्दल: कोणती घरी गेली, कोणती पुन्हा पुन्हा गेली आणि कोणती जागची हलली नाहीत.

आमच्याकडे येणारी मुलं दुसरी ते आठवीतली, बहुतेक इंग्रजी माध्यमाची, घरात मराठी बोलणारी. ‘आमच्या मुलांना मराठी पुस्तकं आवडतच नाहीत हो,’ हे वाक्य मी दर रविवारी ऐकते. मला ते पटत नाही. हीच मुलं, गोष्ट वाचून दाखवली की जागची हलत नाहीत. अडतं ते डोळ्यांशी. रफार आला की थांबतात, ‘द्ध’ आणि ‘द्व’ यांत घोटाळा होतो, पानाचा आकडा देवनागरीत असला की ‘काकू, हे किती?’ म्हणून विचारतात. कानांची मराठी सातवीतली आणि डोळ्यांची पहिलीतली. डोळ्यांना झेपेल ते पुस्तक दिलं तर ‘हे बाळांचं आहे’ म्हणून नाक मुरडतात, आणि कानांना आवडेल ते दिलं तर तिसऱ्या पानावर मिटून ठेवतात. म्हणून यंदा एकच चाळणी लावली: जे मुळात बोलल्यासारखं किंवा ऐकवण्यासाठी लिहिलंय, तेच आधी पुढे करायचं.

जूनमध्ये सुरुवात विंदा करंदीकरांपासून. ‘राणीची बाग’, ‘एटू लोकांचा देश’, ‘पिशीमावशी आणि तिची भुतावळ’. कवितेचा फायदा असा की यमक जुळणार हे माहीत असल्यामुळे ओळीचा शेवटचा शब्द डोळ्यांच्या आधी कानांना कळतो. मी ओळ वाचते आणि शेवटच्या शब्दाला थांबते, तो शब्द मुलं ओरडून पुरा करतात. दोन-तीन रविवार असं झालं की पुस्तक त्यांच्या हातात द्यायचं. तोवर निम्मी कविता पाठ झालेली असते, त्यामुळे वाचताना जोडाक्षर भेटलं तरी ते ओळखीचं वाटतं. ‘अद्भुत’ हा शब्द एरवी कुणी नीट वाचला नसता, पण एटू लोकांच्या देशात तो अडला नाही. पिशीमावशीला मागणी सगळ्यात जास्त. भुतं असली की दुसरी शिफारस लागत नाही, हे आपल्यापैकी सगळ्यांना ठाऊक आहेच.

मग ‘चिंटू’. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांची ही चित्रमालिका १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये येऊ लागली, तिचे संग्रह बाजारात आहेत. पालकांना हे वाचन वाटत नाही. एका आजोबांनी तर ‘चित्रं बघून काय होणार?’ म्हणून नातवाच्या हातातून काढून ठेवलं. माझं मत अगदी उलट आहे. फुग्यात पाच-सात शब्द, तेही आपण घरात बोलतो तसे. चित्रामुळे अर्थ आधीच निम्मा कळलेला, आणि शेवटच्या चौकटीत हसू येतं म्हणजे पोरानं नीट वाचलंय याचा पुरावा. पप्पू, मिनी, बगळ्या ही मंडळी एकदा ओळखीची झाली की पुस्तक मधूनच कुठूनही उघडता येतं. कपाटातलं सगळ्यात मळलेलं पुस्तक हेच आहे. पाठीला चिकटपट्टी लावून लावून ते आता उघडताना कुरकुरतं.

श्रावणात माधुरी पुरंदरे. इथे थोडं रेंगाळते, कारण लहान वयासाठी कुणी एकच नाव विचारलं तर मी हेच सांगते. ‘राधाचं घर’ हा छोट्या पुस्तकांचा संच. घरातली माणसं राधाच्या तोंडून कळतात, चित्रंही पुरंदऱ्यांचीच. मजकूर थोडा आणि चित्रात मजकुराहून जास्त घडत असतं. मी घाईनं पान उलटलं की मुलं ‘थांबा ना काकू’ म्हणून हात धरतात, कारण कोपऱ्यातली एखादी गोष्ट त्यांना अजून बघायची असते. तसंच ‘यश’ची पुस्तकं. त्यातल्या घरात कुणी उपदेश करायला टपलेलं नसतं. माणसं दमतात, चिडतात, विसरतात. मुलांना ते घर खरं वाटतं.

याच पुस्तकांच्या बाबतीत एक युक्ती सापडली, ती इतर कपाटवाल्यांनी जरूर करून बघावी. पाचवीतल्या मुलीला ‘राधाचं घर’ दिलं तर ती घेणार नाही, तिचा अपमान होतो. पण ‘तुझ्या धाकट्या भावाला रात्री वाचून दाखवशील का?’ म्हटलं की ती ऐटीत घेऊन जाते. भावाला गोष्ट मिळते आणि तिच्या डोळ्यांना सराव मिळतो, तोही कुणी चुका न काढता. अशी ताई-दादा मंडळी आता बरीच झालीत. ज्यांना घरी धाकटं भावंड नाही ते शेजारच्या फ्लॅटमधलं पकडून आणतात.

पुरंदऱ्यांनीच संपादित केलेलं ‘वाचू आनंदे’ (बाल गटाचे दोन भाग, कुमार गटाचे दोन) मी मात्र घरी देत नाही, स्वतःजवळ ठेवते. मराठीतल्या चांगल्या लेखनातले वेचे त्यात विषयवार लावलेत आणि सोबतची चित्रंही निगुतीनं निवडलेली आहेत. वाचून दाखवायला आयत्या वेळी काही सुचत नसेल तर ते उघडायचं.

दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’ माझ्या चाळणीत अगदी अलगद बसला. बोक्या आधी आकाशवाणीवर आला आणि मग पुस्तकात, त्यामुळे वाक्यं तोंडात खेळतात आणि संवादांवर गोष्ट धावते. मी दोघा-तिघांना पात्रं वाटून देते. संवाद म्हणायचा तर आधी तो वाचावा लागतोच, आणि नाटकाच्या नादात हे कुणाच्या लक्षातही येत नाही. तिसरी-चौथीतल्या मुलग्यांसाठी याहून खात्रीचं पुस्तक माझ्याकडे नाही.

यानंतर फास्टर फेणे. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे फुरसुंगीचा, पुण्यात विद्या भवनात शिकणारा, सायकलवर सुटणारा, तोंडानं ‘ट्टॉक’ असा आवाज करणारा. आमच्या मुलांना फुरसुंगी म्हणजे टाऊनशिप आणि ट्रॅफिक एवढंच माहीत, तिथला कुणी नायक असू शकतो याचंच त्यांना आधी नवल वाटलं. ज्यांनी २०१७ चा चित्रपट पाहिलाय त्यांना आधीच सांगून ठेवते की पुस्तकातला फेणे शाळकरी आहे, नाहीतर पहिल्या पानावरच वाद सुरू होतो. वीस पुस्तकांचा संच आहे, पण क्रमानं वाचायची गरज नाही. मी ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’पासून सुरुवात करते, कारण सहलीला जाऊन आलेली मुलं असतातच आणि ती ‘आम्ही ही जागा बघितलीय’ म्हणून पुढे सरसावतात. दुसरं ‘चक्रीवादळात फास्टर फेणे’.

भागवतांची भाषा पळती आहे, शब्दांचे आवाजच खूप. तरी सलग पुस्तक डोळ्यांनी ओढणं पाचवीच्या मुलालाही जड जातं, म्हणून निम्मं मी वाचते. नेमकं कुठे थांबायचं यातच सगळं कौशल्य आहे. प्रकरणाच्या शेवटी थांबू नका, तिथे मुलं उठायची तयारीच ठेवून असतात. प्रकरणाच्या मध्यावर, बन्या (म्हणजे बनेशच) अडकलेला असताना पुस्तक मिटायचं, ते टेबलावर ठेवायचं आणि चहा करायला जायचं. परत येईपर्यंत पुस्तक कुणीतरी पळवलेलं असतं.

आता ज्यावर पालकांशी दर वेळी बोलणं होतं ते: ‘श्यामची आई’. बहुतेकांना वाटतं की मराठी वाचन तिथूनच सुरू व्हावं. मी देते, पण हातात नाही, कानात. साने गुरुजींनी ते रचलंच आहे सांगितल्यासारखं. श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री एक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्री. मग आपणही एका बैठकीला एकच रात्र घ्यावी. पोहायला लागू नये म्हणून माळ्यावर लपलेला श्याम मुलांना लगेच आपला वाटतो, आणि आईनं शिंपटी (बारीक छडी) घेतल्यावर मोठा वाद होतो. ‘असं मारतात का?’ यावर एक अख्खी रविवार सकाळ गेली. हे पुस्तक रडवण्यासाठी नसून सांगण्यासाठी आहे, असं धरून वाचलं की ते आजच्या मुलांनाही चालतं. पहिल्याच दिवशी शिस्तीचं औषध म्हणून पुढे केलंत तर ती कपाटाकडे फिरकणार नाहीत.

न हललेली पुस्तकं: ठळक अक्षरात तात्पर्य छापलेले बोधकथांचे संग्रह, सगळेच्या सगळे. ताम्हनकरांच्या ‘गोट्या’ला हात लागला नाही याचं वाईट वाटतं, पण आमच्याकडची प्रत बारीक टायपाची आणि दाट ओळींची आहे. मजकुराला दोष नाही. विकत घेताना मी आता आधी मधलं पान उघडून अक्षर बघते, मग लेखक.

मोठ्यांसाठी, म्हणजे सहावीच्या पुढे, तीन नावं. ‘तोत्तोचान’, जपानी पुस्तकाचा चेतना सरदेशमुख गोसावींनी केलेला अनुवाद: प्रकरणं अगदी छोटी, रेल्वेच्या डब्यांत भरणारी शाळा, एका प्रकरणावर कुणी थांबतच नाही. विलास मनोहरांचं ‘नेगल’: गडचिरोलीतल्या हेमलकशातले प्राणी, आणि नेगल हा बिबट्या. प्राण्यांचं वेड असलेल्या मुलांना दुसरं काही सांगावं लागत नाही. तिसरा सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा, अशोक जैन यांच्या मराठीत. त्याचा धाकटा भाऊ तोपशे सांगतो ती गोष्ट, त्यांचा लेखक मित्र जटायू करतो ती गंमत, आणि फास्टर फेणे संपवून आलेल्यांना हेरगिरीची पुढची पायरी.

पैसे नसतील तर दोन वाटा आहेत. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय. ते आजही खिशाला परवडतं आणि जुने अंक ऑनलाइन चाळता येतात. आणि प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ: मराठी गोष्टी फुकट, चार पातळ्यांत लावलेल्या. पातळी एक आणि दोनच्या गोष्टी मी छापून, स्टेपल करून ठेवल्यात. या पुस्तिका फाटल्या, हरवल्या तरी कुणी रागावत नाही, म्हणून नवी मुलं आधी त्यांनाच हात घालतात.

दिवाळीनंतर आठवीतल्या तिघांसाठी जयंत नारळीकरांचं ‘यक्षांची देणगी’ वाचायला घेणार आहे. कुणी त्यातल्या कथा मुलांना वाचून दाखवल्या असतील तर कोणत्या कथेपासून सुरुवात केली आणि मध्ये कुठे थांबलात, एवढं कळवा.