गोळी फुकट मिळाली, पण ठेवायची कुठे?

हिपॅटायटिस सी, म्हणजे लिव्हरला लागणारा विषाणूचा आजार, निघाला तेव्हा मी ठाणे स्टेशनजवळ सॅटिसच्या पुलाखाली झोपत होतो. दिवसा केटरिंगवाल्याकडे भांडी घासायची, रात्री मिळेल तो कोपरा. अंगात त्राण नसायचं, पण रस्त्यावर ते कुणाच्यात असतं? रात्र निवाऱ्यातल्या शिबिरात रक्त तपासलं म्हणून कळलं.

औषधाला पैसे लागत नाहीत. सरकारचा हिपॅटायटिस कार्यक्रम 28 जुलै 2018 ला सुरू झाला, त्यात तपासण्याही मोफत. आधी अँटीबॉडी (विषाणू कधी अंगात शिरला होता का ते), मग व्हायरल लोड (आत्ता रक्तात किती आहे ते), मग लिव्हर कितपत बिघडलंय ते बघायचं. माझं फार बिघडलं नव्हतं. सोफोसबुविर आणि डाक्लाटास्विर या गोळ्या, दिवसातून एकदा, 12 आठवडे.

अडलं केसपेपरवर. काउंटरवरचा म्हणाला, "पत्ता घेऊन या." कुठून आणू? शेवटी निवाऱ्यातल्या ताईंनी तिथला पत्ता आणि स्वतःचा फोन नंबर लिहून दिला. रिपोर्टचा फोन त्यांना यायचा, मग त्या मला शोधत यायच्या.

पुढचा प्रश्न गोळ्यांच्या बाटलीचा. पिशवी उशाला घेतली तरी सकाळी असेलच असं नाही. चोराने सोडली तर अतिक्रमणवाल्यांची गाडी उचलते, आणि पावसात तर सगळंच भिजतं. चहाच्या टपरीवाल्या भाऊंना विचारलं. ते कचरले, "गिऱ्हाइकांना लागेल ना रे." सिस्टरने मला सांगितलेलं मी त्यांना सांगितलं: हा रक्तातून पसरतो, कपातून किंवा एकत्र जेवल्याने नाही. बाटली बिस्किटांच्या बरणीमागे गेली. मी दिसलो की भाऊ ओरडायचे, "आधी गोळी, मग चहा." एकही चुकली नाही ती त्यांच्यामुळे.

डॉक्टर म्हणायचे, नीट झोपा, वेळेवर जेवा. भला माणूस. पण आमची रात्र शेवटची लोकल गेल्यावर सुरू होते आणि पहिली आली की संपते.

गोळ्या संपल्यावर 12 आठवड्यांनी पुन्हा व्हायरल लोड केला. विषाणू सापडला नाही. थकवा बराच गेला, झोप मात्र तशीच.

एक गोष्ट माझ्यासारख्यांनी लक्षात ठेवावी. बरं झाल्यावरही अँटीबॉडी चाचणी पॉझिटिव्हच येते, म्हणून हा शेवटचा रिपोर्ट जपावा लागतो. माझा लॅमिनेट करून टपरीत आहे, फोटो ताईंच्या फोनमध्ये. आणि लागण पुन्हाही होऊ शकते. आता न्हाव्याने डोळ्यांदेखत नवं ब्लेड उघडल्याशिवाय मी खुर्चीत बसत नाही, मग तो कितीही वैतागो.